तांब्याला पाणी द्यायचे आहे

आमचे बाबा रागावले की ओरडत नसत. ओरडणारा माणूस परवडतो, दम लागला की थांबतो. बाबा गप्प बसायचे, आणि गप्प बसायला कुणाला दम लागत नाही. एकदा ते वीज मंडळाच्या लाइनमनवर रागावले होते, तेव्हा त्या माणसाची बदली होईपर्यंत त्याच्याशी बोलले नव्हते. तो बिचारा दर महिन्याला नमस्कार करून जायचा.

दोन हजार पाच किंवा सहा सालच्या उन्हाळ्यात त्या लाइनमनच्या जागी मी होते.

गोंदियात राइस मिलांना तोटा नाही, आणि मिल म्हटली की रोज काहीतरी मोडणारच. कुठे शाफ्ट वाकली, कुठे बुश झिजला, कुठे पुली घसरायला लागली. ते सगळं आमच्या घराच्या पुढच्या टिनाच्या शेडमध्ये यायचं आणि बाबा ते लेथवर, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कापणाऱ्या मशीनवर, सरळ करून द्यायचे. त्याच शेडच्या एका कोपऱ्यात प्लायवूडचा आडोसा करून मी माझं दुकान थाटलं होतं. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि लग्नाच्या कॅसेटींचा ढीग. मी मिक्सिंग करायचे. चार तासांच्या शूटिंगमधून बघण्यासारखं तेवढं काढायचं, नवरा-नवरीवर आकाशातून गुलाब पाडायचे आणि दोन्ही विहीणबाईंना एकेका बदामात बसवायचं. प्लायवूडच्या अलीकडे लोखंड किंचाळायचं आणि पलीकडे सनई वाजायची. शेजारपाजारच्यांना दोन्ही आवाज सारखेच वाटत.

पण माझा खरा डोळा लेथवर होता. लहानपणापासून बाबांनी मला तिथे उभं राहू दिलं, मापाचा व्हर्नियर धरू दिला, तेल घालू दिलं. चालवू मात्र कधी दिली नाही. एप्रिलमध्ये एक दिवस ते माप घ्यायला मिलवर गेले. मी लोखंडाचा एक तुकडा चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरणाऱ्या जबड्यांत, पकडला, चावीनं घट्ट आवळला आणि बटण दाबलं. चावी चकमध्येच राहिली होती. लेथ शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी जी गोष्ट सांगतात ती हीच, की चावी काढल्याशिवाय मशीन सुरू करायची नाही. चावी सुटली, माझ्या कानाजवळून गेली आणि मागच्या भिंतीचा पोपडा घेऊन खाली पडली. नेमके त्याच वेळी बाबा दारात उभे होते.

त्यांनी येऊन मशीन बंद केली. चावी उचलली, पुसली आणि खणात ठेवली. मग म्हणाले, "आजपासून माह्या लेथले हात लावायचा नाई."

मी तेव्हा हसले. भीतीनं हसू येतं तसलं ते हसू होतं, पण हसले. वर म्हणाले, "एवढं काय झालं? भिंतीलेच तं लागली."

हे मी म्हणायला नको होतं. बाबांचं तोंड मिटलं ते मिटलंच.

मीही त्यांचीच मुलगी. पहिले दोन दिवस मला वाटलं, बोलतील. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की आधी मी बोलणार नाही. ते चूक मान्य करतील, निदान "चहा आन" एवढं तरी म्हणतील, मग बघू. आमच्यामध्ये आई होती. बाबा भिंतीकडे बघून म्हणायचे, "कोनाले तरी म्हना, पंखा बंद करा." मी छपराकडे बघून म्हणायचे, "कोनाले गरम होत नसन तं त्यानं जागा बदलावी." चार दिवस आईनं निरोप पोचवले. पाचव्या दिवशी ती हातातला झारा घेऊनच बाहेर आली.

"मी काय डाकवाली हाओ काय?" ती म्हणाली. "बापलेक दोघंही तोंडात दही धरून बसले. मी आजपासून कोनाचाच निरोप सांगून नाई राहिली."

आईनं हात काढून घेतल्यावर घर फार शांत झालं. बुद्धपौर्णिमेला विहारात गेलो तर बाबा पुरुषांच्या रांगेच्या पार त्या टोकाला आणि मी बायकांच्या रांगेच्या ह्या टोकाला. खीर वाटणाऱ्या बाईनं मला विचारलं, "बाबा नाही आले का तुझे?" मी म्हटलं, "आले असतील." घरी येताना मला रडू येत होतं. ते मी रडले नाही, पण येत होतं एवढं कबूल करते. बाबांनी माझ्याशी बोलावं, एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच मी मागणार नव्हते.

त्यात मे महिना पेटला. गोंदियाचा मे म्हणजे दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं. आमचं छप्पर टिनाचं. माझा कॉम्प्युटर नवा आणि जातीचा तापट. मिक्सिंग झालं की सगळी फिल्म एकदा शिजवून काढावी लागते, म्हणजे कॉम्प्युटरकडून सगळे तुकडे एकसंध करून घ्यावे लागतात, त्याला तीन-चार तास लागतात. त्या वेळात प्रोसेसर असा तापायचा की स्वतःला वाचवायला कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा. हाताशी एक लग्न होतं. नवरदेव फौजेतला, सुट्टी संपायला आलेली, आणि त्याला सीडी सोबत घेऊन जायची होती. ह्या लग्नात कॉम्प्युटर दर वेळी एकाच जागी बंद पडे. नवरदेव हार घालायला हात उचलायचा आणि पडदा काळा. सात वेळा त्यानं हात उचलला. सातही वेळा नवरी तशीच मान खाली घालून राहिली.

नवरदेवाचे मामा रोज येऊन बसत. ते गावातल्याच बाजारात कापडाचं दुकान चालवायचे. त्यांना भाच्याच्या सुट्टीपेक्षा स्वतःच्या नाचाची काळजी जास्त होती. वरातीत ते अर्धा तास नाचले होते आणि त्यातला किती मी कापला, हा त्यांचा रोजचा प्रश्न.

"बेटा, हार डला क्या?" ते आल्या आल्या विचारायचे.

"नहीं मामाजी."

"आज भी नहीं? लड़की कब तक खड़ी रहेगी?"

मी कॉम्प्युटरची बाजूची पत्री काढून ठेवली. टेबलफॅन आत तोंड करून लावला. कूलर ओढून आणला, तर त्याच्या ओल्या वाऱ्यानं स्क्रूंना दोन दिवसांत गंज धरला. शेवटी सायबर कॅफेत जाऊन शोधलं तेव्हा कळलं की परदेशातली माझ्या वयाची पोरं यावर भलताच उपाय करत होती. तांब्याचा हातात मावेल एवढा ठोकळा घ्यायचा, त्याच्या पोटात नाल्या कोरायच्या, वर झाकण लावायचं आणि तो प्रोसेसरच्या डोक्यावर आवळून बसवायचा. मग नाल्यांमधून पंपानं पाणी खेळवायचं. पाणी उष्णता घेऊन जातं आणि प्रोसेसर शुद्धीवर राहतो. मी चित्रांचे छापील कागद घेऊन घरी आले. कागदावर सगळं काळं-करडं दिसत होतं, पण एक गोष्ट स्वच्छ कळत होती. हे लेथचं काम होतं.

म्हणजे बाबांचं.

दुसऱ्या वर्कशॉपमध्ये गेले असते तर गावभर झालं असतं की मिस्त्रीची मुलगी बापाला सोडून बाहेरून काम करून घेते. आणि बाबांना तर विचारायचं नव्हतं. मग माझं लक्ष फळ्याकडे गेलं.

शेडमध्ये शाळेतला एक जुना फळा टांगलेला होता. गिऱ्हाइकं खडूनं त्यावर आपलं काम लिहून जात आणि बाबा ओळीनं करत. फळ्यावर चढलेलं काम बाबांनी कधी नाकारलं नाही, हा त्यांचा नियम सगळ्या मिलवाल्यांना माहीत होता. मी एका पुलीच्या आणि एका शाफ्टच्या खाली लिहिलं, "तांब्याचा ठोकळा. दोन इंच चौरस. आत गोल नाल्या. नकाशा जोडला आहे." आणि खाली सही केली, "गिऱ्हाईक".

बाबा जेवून आले, फळ्यासमोर उभे राहिले. अक्षर त्यांनी ओळखलंच, दहावीपर्यंत माझ्या वह्या तेच तपासायचे. थोड्या वेळानं मी आडोशातून पाहिलं तर खाली उत्तर होतं. "माल गिऱ्हाइकाने आणणे. नकाशा गिऱ्हाइकाने हात धुऊन काढणे."

मी नकाशा पुन्हा काढला. कबाड्याकडून जुन्या मिलच्या पॅनेलमधली तांब्याची जाड पट्टी आणली आणि फळ्याखालच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कामाचा नंबर लागला. फळ्यावर एकच शब्द होता, "दूध."

तो शब्द वाचून मला काय झालं ते सांगते. मला वाटलं, उन्हानं पित्त झालं असेल आणि बाबांनी माझ्याकडे दूध मागितलं. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. मी दूध तापवलं, चिमूटभर हळद टाकली, दोन चमचे साखर टाकली, पेला फडक्यात धरून नेला आणि लेथशेजारी ठेवला. वळले आणि आडोशामागे जाऊन प्लायवूडच्या फटीला डोळा लावला.

बाबांनी पेला उचलला. वास घेतला. फटीकडे पाहिलं, बराच वेळ. मग त्यांनी ब्रश घेतला, माझ्या हळदीच्या दुधात बुडवला आणि फिरणाऱ्या तांब्यावर लावायला सुरुवात केली.

तांबं चिकट असतं, कापताना पात्याला लोंबतं. जुने लेथवाले टर्नर त्यावर दुधाचे थेंब सोडतात म्हणजे पातं सरकतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की माझ्या मायेचा पेला लेथ पिऊन राहिली आहे. वर साखर जळली, शेडभर पेढ्याच्या कारखान्यासारखा वास सुटला आणि पातं चिकटलं. फळ्यावर आलं, "साखर नको."

दुपारी मी बिनसाखरेचं नेलं. "हळद नको."

संध्याकाळी आईनं चहा केला तो कोरा.

"त्या मशीनले दूध पाजता," आई दोघांच्या मधोमध बघून म्हणाली, "अना मानसाले कोरा चहा?"

बाबांनी कोरा चहा प्यायला. मीही प्यायले. मला त्या पेल्याचं वाईट वाटलं होतं, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं हे त्याहून वाईट.

पण ठोकळा देखणा उतरला. फटीतून मी सगळं पाहत होते. चार जबड्यांच्या चकमध्ये चौकोनी तुकडा धरून, तो नेमका मधोमध येईपर्यंत बाबांनी चारी जबडे दहा वेळा सैल-घट्ट केले. मग पातं हळूच आत गेलं आणि तांब्याची लाल, बारीक कुरळी तार निघून खाली लोंबू लागली. एकात एक अशा चार गोल नाल्या झाल्या. एका नालीतून दुसरीत पाणी जावं म्हणून मधल्या भिंतींना खिंडी पाडायच्या होत्या. ते काम मी करवतीच्या पात्यानं आणि कानशीनं केलं, कारण लेथला हात लावायचा नव्हता, व्हाइसला, म्हणजे टेबलावरच्या पकडीला, हात लावण्याबद्दल कुणी काही बोललेलं नव्हतं. तळ आरशाच्या काचेवर पॉलिश पेपर पसरून घासला, तोंड दिसेपर्यंत. माझं तोंड त्यात बाबांसारखं दिसत होतं, रागीट.

अडलं झाकणापाशी. वरचा तांब्याचा पातळ पत्रा कुठेतरी किंचित उचललेला होता. आठ स्क्रू लावले, मध्ये सायकलच्या ट्यूबचं रबर कापून घातलं आणि बादलीत बुडवून फुंकलं, तरी एका कडेनं बुडबुडे. रबर तीन वेळा बदललं. बुडबुड्यांनी कड तेवढी बदलली. शेवटी म्हटलं, आधी पाइप जोडायची सोय तरी करून घेऊ, गळती नंतर बघू. झाकणाला दोन भोकं आणि त्यात पितळी निपल, म्हणजे पाइप चढवायच्या आखूड नळ्या, हवे होते. मी घाईत होते, मामा खुर्चीत येऊन बसलेले होते. फळ्यावर लिहिलं, "तांब्याला पाणी द्यायचे आहे. सोय करणे." ठोकळा आणि झाकण खाली ठेवलं आणि पाइप आणायला बाजारात गेले.

आता मी टर्नरच्या घरात जन्मलेली. पाणी देणे म्हणजे काय हे मला माहीत नसावं काय? छिन्नी असो, विळा असो, पोलाद लालभडक तापवून पाण्यात बुडवतात, त्याला पाणी देणे म्हणतात. त्यानं पोलाद कडक होतं. तांब्याचं उलट आहे, तांबं मऊ पडतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण त्या आठवड्यात माझ्या डोक्यात फक्त नळाचं पाणी होतं.

पुढचं आईनं सांगितलं. "तुह्या बाबानं फळा वाचला. मंग माह्याकडं पायलं. मंग पुन्हा वाचला. मी म्हटलं, इचारा ना तिले. तं म्हनतात, गिऱ्हाइकानं लेहलं हाय, मी कायले इचारू? अना भट्टी पेटवली."

मी आले तेव्हा फळीवर माझा आरशासारखा ठोकळा काळाठिक्कर होऊन पडला होता. झाकणावर खवले आले होते. फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "पाणी दिले. तांबे मऊ पडले. गिऱ्हाइकाने रडू नये."

बाबा लेथला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. माझं तोंड उघडलं. एवढ्या शिव्या त्यात गोळा झाल्या होत्या की कोणती आधी काढावी कळेना. आणि तेवढ्यात मला बाबांचा चेहरा दिसला. ते वाट पाहत होते. भुवया वर, मान थोडी पुढे, अगदी दार वाजण्याची वाट पाहावी तसे. मी तोंड मिटलं. खडू घेतला आणि दोन पुल्या आणि एक शाफ्ट पुसून मोठ्ठ्या अक्षरात लिहिलं, "नळाचे पाणी! आतून!!"

बाबांनी वाचलं. पाठ फिरवली. पाठमोरे असताना त्यांचे खांदे हलत होते, चांगले हलत होते. हसले तर हसले, पण तेही मला पाठ दाखवून, याचा मला इतका राग आला की मी ठोकळ्याचे खवले घासता घासता पॉलिश पेपर फाडला.

त्याच दुपारी त्यांनी भोकं पाडली, आटे पाडले, निपल बसवले. मी झाकण लावून स्क्रू आवळायला घेतले, आणि मऊ पडलेला तो पत्रा मुकाट्यानं खाली बसला. बादलीत बुडवून फुंकलं. एक बुडबुडा नाही. मी गाल दुखेपर्यंत फुंकलं. नाही. डिझेल इंजिनचे मेकॅनिक तांब्याचा जुना वायसर लाल करून पाण्यात बुडवतात म्हणजे तो पुन्हा गच्च बसतो, हे मला पुढे कधीतरी कळलं. बाबांना ते तेव्हा ठाऊक होतं की त्यांनी नुसता माझा सूड घेतला होता, हे त्यांनी मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणतात, "फळ्यावर लेहलं होतं."

मग जुळणी. पंप कूलरचा. पाइप गवंड्याचा, लेव्हल बघायचा तो, आरपार दिसणारा. आणि पाणी थंड करायला आईचा माठ. आईनं नवा रांजण बाजारातून यायच्या बोलीवर तो दिला. माठ झिरपतो, झिरपताना थंड होतो, त्याला वीज लागत नाही. परदेशातल्या पोरांना यासाठी गाडीचं रेडिएटर लागत होतं. मला त्यांची कीव आली.

कॉम्प्युटर सुरू केला. पाइपमधून बुडबुडे पळाले, माठात परत पडले. फिल्म शिजायला लागली. मामा खुर्ची पुढे ओढून बसले. नवरदेवानं हात उचलला. आम्ही दोघांनी श्वास धरला. हार नवरीच्या गळ्यात पडला आणि मामांनी अशी टाळी वाजवली की आई धावत आली. त्या आनंदात मामांनी माठावरचा पेला घेतला, पाणी काढलं आणि गटागटा प्यायले.

"बेटा," ते म्हणाले, "मटके का पानी गरम क्यों है?"

मी काय सांगणार? म्हटलं, "मामाजी, शादी का है."

तेवढ्यात बाबा आडोशाच्या कडेला येऊन उभे राहिले. त्यांनी बोटानं पाण्याची वाट हवेत काढली. माठातून पंप, पंपातून ठोकळा, ठोकळ्यातून माठ. दोनदा काढली. मग ठोकळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलतील. आता नाही बोलले तर कधी बोलणार? माझा जीव कानात येऊन बसला होता. बाबा वळले, फळ्यापाशी गेले, लिहिलं, "काम पूर्ण." आणि "गिऱ्हाईक" पुसून टाकलं. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. एकदा धुवून भागलं नाही, म्हणून पुन्हा धुतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरातीचा भाग शिजायला लावला होता. मामांच्या नाचाची मिनिटं मी वाढवूनच दिली होती, पाणी पाजल्याचं प्रायश्चित्त म्हणून. माठ थोडा खाली गेला होता, म्हणून मी मागच्या नळावर घागर भरायला गेले. तेवढ्या वेळात उन्हानं मऊ झालेला लेव्हल पाइप निपलवरून सुटला. कॉम्प्युटर वाचला, हे आधीच सांगून टाकते. तीन दिवस उन्हात वाळवला आणि सुरू झाला, नवरदेव सीडी घेऊनच गाडीत बसला, मामांच्या नाचासकट. पण तेव्हा मी घागर घेऊन दारात आले आणि पाहिलं ते असं. टेबलावरून पाण्याची धार खाली पडत होती. कॅबिनेट निथळत होतं. विजेचा बोर्ड, वायरी, जमीन, सगळं ओलं. आणि त्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून बाबा कॅबिनेटच्या आत हात घालत होते.

"बाबा! हात नोका लावू!"

माझा आवाज मिलपर्यंत गेला असेल. घागर कधी सुटली कळलं नाही.

बाबांचा हात तिथेच थांबला. त्यांनी मान वळवली आणि सावकाश हसले, पूर्ण तोंडभर, महिन्याभराचं.

"मेन बंद हाय," ते म्हणाले. "मीनं आधी मेन पाडला, मंग हात घातला. पन तू बोलली. आधी तू बोलली."

खरंच लेथ बंद होती. पंखा बंद होता. पडदा काळा होता. मला त्यातलं काहीही दिसलं नव्हतं, मला फक्त त्यांचा हात दिसला होता. आणि आता ते जिंकल्यासारखे हसत होते.

"हासता काऊन?" मी ओरडले. "अक्कल हाय काय तुमाले? पायात चप्पल नाई, सारं पानी पानी, अना हात घालून राहिले! मेले असते म्हंजे?"

बाबांचं हसू गेलं.

"अना तू?" ते म्हणाले.

दोनच शब्द. मला त्यांना धरून हलवावंसं वाटत होतं, चार शिव्या द्याव्याशा वाटत होत्या आणि त्यांच्या हाताची पाचही बोटं एकेक करून मोजावीशी वाटत होती. मला हे होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. बाबा दारात उभे राहून भिंतीचा पोपडा पडताना पाहिल्यापासून ह्यातच होते, आणि मी त्यांच्यासमोर हसले होते.

मी तिथेच ओल्या जमिनीवर बसले. म्हणायचं खूप होतं, पण मी हातानं जमिनीवरचं पाणी सारत राहिले. बाबांनी तेलाचा रिकामा डबा पालथा घातला, ओढत माझ्यासमोर आणला आणि त्यावर बसले. पाइप गरम पाण्यात बुडवून बसवायला पाहिजे होता, म्हणाले. निपलला खाचा पाडायला पाहिजे होत्या, म्हणाले. तळ मी चांगला घासला होता, तेवढा त्यांनाही घासता आला नसता, म्हणाले. मामांना ते पाणी पाजायला नको होतं, म्हणाले. मग खाली वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला वाटतं, घाबरले.

"बोल ना वो बाई," ते म्हणाले. "काऊन बोलून नाई राहिली?"